धरणाखालचे मासे

वाचकहो, मासा गळाला लावावा, हातात घ्यावा, क्षणभर न्याहाळावा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, असा उद्योग दिवसदिवस करणारा मनुष्य आपल्यापैकी पुष्कळांना कळणार नाही. उत्तनच्या किंवा वसईच्या कोळीवाड्यात ही गोष्ट सांगून पाहावी. ऐकणारा एवढेच विचारील, "मग धरला कशाला?" प्रश्न तीन शब्दांचा आहे, पण नीतिशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांनी त्यावर घाम गाळावा असा आहे. त्याचा विचार करण्यासाठी मी आपणांस एका परक्या ओढ्याच्या काठी नेणार आहे, कारण तेथे हा प्रश्न एकट्या गळवाल्यापुरता उरत नाही.

ह्या ओढ्याचे नाव प्यूटा क्रीक. 'क्रीक' म्हटले की आपल्याला ठाण्याची खाडी आठवते, कारण इंग्रजांनी आपल्या खाड्यांना तो शब्द लावला. अमेरिकेत मात्र क्रीक म्हणजे ओढा किंवा लहानशी नदी. कॅलिफोर्निया राज्यात, सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील डोंगरांत तो उगम पावतो आणि पूर्वेकडे सॅक्रामेंटो नदीच्या सपाटीत उतरतो. डोंगर सोडताना तो एका अरुंद खिंडीतून जातो. त्या खिंडीत १९५७ मध्ये मॉन्टिसेलो नावाचे काँक्रीटचे कमानी धरण बांधून पूर्ण झाले. त्याची उंची ३०४ फूट आहे, आणि त्याच्या मागे बेरीएसा नावाचा विस्तीर्ण जलाशय पसरला आहे. धरणाखाली काही मैलांवर दुसरे एक बुटके धरण आहे. तेथून ओढ्याचे पाणी कालव्यात वळवले जाते आणि सोलानो परगण्यातील शेतांना व शहरांना पुरवले जाते. ह्या दोन धरणांमधल्या पट्ट्यात ट्राउट मासे राहतात. पुढील विवेचनात वरचे धरण आणि खालचे धरण हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा.

ट्राउट हा मासा आपल्यालाही सर्वस्वी परका नाही. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास इंग्रजांनी तो काश्मिरात आणला, आणि काश्मीर किंवा कुलूकडे राहणाऱ्या आपल्या वाचकांनी तो पाहिला असेल, कदाचित खाल्लाही असेल. त्याला थंड, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. पाणी कोमट झाले की तो गुदमरतो. त्याला पकडण्याची एक नाजूक रीत आहे. पिसे, लोकर आणि रेशमी धागा बारीकशा गळावर गुंडाळून माशीची किंवा पाण्यातल्या अळीची हुबेहूब प्रतिकृती करतात. कित्येकदा ती तांदळाच्या दाण्याएवढीही नसते. लवचीक काठीने जड दोरी हवेत मागेपुढे खेळवून ही खोटी माशी प्रवाहावर अलगद टाकायची आणि ती खऱ्या किड्यासारखी वाहत जाईल असे पाहायचे. मासा फसला तर फसला. ही विद्या शिकण्यात माणसांची अर्धी आयुष्ये जातात. कोणत्या महिन्यात कोणता किडा पाण्यातून वर येतो, दगडाच्या कोणत्या बाजूला मासा दबा धरतो, हे सारे त्यांना पाठ असते.

प्यूटा क्रीकच्या ह्या पट्ट्यात कायदा असा आहे की, गळ कृत्रिम आमिषाचाच असावा, त्याला मासा अडकवून धरणारा उलटा काटा नसावा, आणि पकडलेला प्रत्येक ट्राउट जिवंत सोडून द्यावा. एकही घरी नेता येत नाही. आता स्वित्झर्लंडकडे पाहा. तेथील प्राणिसंरक्षणाच्या नियमांनी २००९ पासून, सोडून देण्याच्याच हेतूने मासा गळाला लावणे निषिद्ध ठरवले आहे. खाण्यासाठी धरा, असे तो कायदा म्हणतो. खेळण्यासाठी धरू नका. एका देशात मासा ठेवून घेणे गुन्हा, दुसऱ्या देशात तो सोडण्यासाठी धरणे गुन्हा, आणि दोन्ही कायदे माशाच्याच कळकळीने केलेले! कोळीवाड्यातील आपला प्रश्नकर्ता स्विस कायद्याच्या बाजूचा आहे, हे सांगायला नकोच.

माशाला वेदना होते काय, ह्यावर पंडितांत वाद आहे. २००२ मध्ये जेम्स रोझ ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे मांडले की, वेदनेची जाणीव होण्यास मेंदूचा जो भाग लागतो तो माशाला नाही. त्याची तडफड ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया होय. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमध्ये केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष किंवा सौम्य आम्ल टोचले. ते मासे डोलू लागले, तळाच्या खडीवर ओठ घासू लागले, त्यांचा श्वास वाढला आणि बराच वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. प्रयोगातील मासा इंद्रधनुषी ट्राउट होता, म्हणजे प्यूटा क्रीकमध्ये सापडतो त्याच जातीचा. आणि टोचले ते ओठांत, जेथे गळ रुततो तेथेच. मासा आपल्यासारखेच दुःख भोगतो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु तो काहीच भोगत नाही असे म्हणायला त्याहून कितीतरी मोठे धाडस लागते.

तेव्हा गळवाल्याच्या दयेविषयी माझे मत मी येथेच सांगून टाकतो. हात ओला करून, मासा पाण्याबाहेर न काढता, गळ हळूच सोडवून त्याला जाऊ देणे हे मारण्यापेक्षा बरे, ह्यात शंका नाही. पण त्याला दया म्हणणे मला जड जाते. दुसऱ्याने संकटात टाकलेल्याला सोडवणे ही दया; ज्याला आपणच संकटात टाकले त्याला सोडवणे ही फार तर नुकसानभरपाई, आणि तीही अपुरी. तो मनुष्य नदीवर खरोखर प्रेम करतो हे मला मान्य आहे. प्रेम करणाऱ्यांच्या हातून होणारी इजा ही इजा नसते, असे मात्र कोणत्याही धर्मशास्त्रात सांगितलेले नाही.

येथे कोणी म्हणेल की, मग प्रश्न मिटला. काठी मोडून टाका आणि घरी जा. पण वाचकहो, तसे नाही. गळवाला घरी गेल्यावरही ह्या माशांच्या गळ्याभोवती एक हात उरतोच. तो कोणाचा, हे पाहण्यासाठी धरणाकडे वळले पाहिजे.

धरण होण्यापूर्वी हा ओढा आपल्याकडील कित्येक ओढ्यांसारखा होता. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे हिवाळ्यात पूर येई आणि उन्हाळ्यात पाणी आटून डबकी राहत. समुद्रातून सॅमन मासे आणि समुद्रगामी ट्राउट पावसाळी प्रवाहाबरोबर वर चढून येत, अंडी घालीत. उष्ण डबक्यांत तग धरणारे स्थानिक मासे उन्हाळा कसाबसा काढीत. धरणाने हे ऋतुचक्र उलटे केले. हिवाळ्याचे पाणी जलाशयात साठवायचे म्हणून ओढ्यात थोडे सोडतात. उन्हाळ्यात शेतीला हवे म्हणून भरपूर सोडतात. शिवाय ते पाणी जलाशयाच्या खोल थरांतून येते, म्हणून भर उन्हाळ्यातही थंडगार असते. बाहेर हवा चाळीस अंशांना टेकलेली असताना ओढ्यात उभा असलेला मनुष्य कुडकुडतो. दोन धरणांमधल्या पट्ट्यात वर्षभर ट्राउट सुखाने राहू शकतात ते ह्या गारव्यामुळे. माशांची सोय पाहून कोणी हे केलेले नाही. शेतांकडे आणि शहरांकडे निघालेले पाणी वाटेत त्यांच्या अंगावरून जाते, एवढेच.

आणि ह्या सोयीची किंमत माणसांनीही भरली आहे. आज जेथे जलाशय आहे तेथे बेरीएसा नावाचे सुपीक खोरे होते, आणि त्यात मॉन्टिसेलो नावाचे गाव होते. धरणाला नाव त्याचेच मिळाले. घरे पाडली, झाडे तोडली, दफनभूमीतील मृत उकरून उंचावर नेऊन पुन्हा पुरले. डोरोथिया लँग आणि पर्कल जोन्स ह्या दोन छायाचित्रकारांनी १९५६ मध्ये त्या खोऱ्याचे शेवटचे वर्ष टिपून ठेवले. ज्या साप्ताहिकाने हे काम सांगितले होते त्याने ती चित्रे छापली नाहीत. ती १९६० मध्ये 'ॲपर्चर' ह्या नियतकालिकात आली. धरणाखाली गेलेल्या गावांविषयी भारतातील वाचकाला अधिक सांगण्याची गरज नाही.

आता एका शब्दाकडे येतो. शब्दांशी झटापट करण्यात ज्याची वर्षे गेली त्याला हा मोह आवरत नाही. ह्या ट्राउटना तेथे 'वाइल्ड' म्हणतात. ह्याला मराठीत काय म्हणावे? रानटी म्हणावे तर मासा असभ्य ठरतो. जंगली म्हणावे तर जंगल कोठे आहे? रानडुक्कर, रानकोंबडा ह्या धर्तीवर रानमासा म्हणता येईल, पण ज्याच्या पाण्याची चावी एका कार्यालयातील वेळापत्रकाप्रमाणे फिरते त्याला रानातला कसे म्हणायचे? मत्स्यखात्याच्या परिभाषेत त्या शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे. मत्स्यबीज केंद्राच्या हौदात न जन्मता जो ओढ्यातच अंड्यातून बाहेर आला, तो वाइल्ड. एके काळी सरकार ह्या ओढ्यात केंद्रात वाढवलेले ट्राउट आणून सोडीत असे. ते पुढे बंद झाले. आज तेथे जे आहेत ते आपसूक जन्मलेले आहेत.

ह्या जागी मला लेवीय पुस्तकातील एक हिब्रू शब्द आठवतो: 'साफीआह'. सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावयाची असते, आणि मागल्या पिकाचे दाणे सांडून त्यातून जे आपोआप उगवते त्याला हे नाव आहे. ते पेरलेले नव्हे, पण रानातले म्हणावे तर तेही नव्हे. त्याच्या मागे कधीकाळचा शेतकऱ्याचा हात आहे. विशेष असे की, त्या पिकावर धन्याने मालकी सांगून कापणी करावयाची नाही. गरिबांनी, परक्यांनी आणि वनपशूंनीही ते खावे, अशी ती व्यवस्था आहे. प्यूटा क्रीकच्या ट्राउटला मी साफीआह म्हणेन. मनुष्याने तेथील पाणी बदलले, मासे आणून सोडले, मग सोडणे थांबवले, आणि त्यानंतर जे उगवले ते त्याचे नाही. पण म्हणून त्याची जबाबदारी संपली काय? नदी पूर्ववत असती तर, मासे आपले पाहून घेतील, असे म्हणता आले असते. चावी हातात घेतल्यावर ते म्हणता येत नाही.

ही जबाबदारी कॅलिफोर्नियाच्या कायद्यात लिहिलेली आहे, आणि तिची कथा सांगण्याजोगी आहे. त्या राज्याच्या मत्स्य व शिकार संहितेत ५९३७ क्रमांकाचे एक कलम आहे. त्याचा आशय असा की, धरणाच्या मालकाने धरणाखाली सोडलेले किंवा असलेले मासे सुस्थितीत राहतील एवढे पाणी नेहमी जाऊ द्यावे. ते कलम दीर्घकाळ पुस्तकात निजून होते. सोडलेले किंवा असलेले, असा उल्लेख करून कायद्याने दोघांना एकाच पंक्तीला बसवले आहे, हे पाहा. माशाचे कूळ शुद्ध आहे की संकरित, हे तो विचारीत नाही.

१९८७ पासून तेथे लागोपाठ अवर्षण पडले. १९८९ मध्ये खालच्या धरणापलीकडचा प्यूटा क्रीक मैलोगणती कोरडा पडला आणि मासे डबक्यांत मेले. वरच्या पट्ट्यात, जेथे ट्राउट आहेत, तेथे पाणी होते, कारण ते कालव्याकडे जायचे होते. कालव्याच्या तोंडाशी आले की ओढ्याच्या वाट्याला जवळजवळ काही उरत नसे. तेव्हा प्यूटा क्रीक कौन्सिल ह्या नागरिकांच्या संस्थेने दावा लावला. पुढे डेव्हिस शहर आणि तेथील विद्यापीठ तिच्या बाजूने उभे राहिले. १९९६ मध्ये खटला चालला. एका शब्दावर सारे येऊन ठेपले: 'सुस्थिती' म्हणजे काय?

डेव्हिस विद्यापीठातील मत्स्यशास्त्रज्ञ पीटर मॉइल ह्यांनी ह्याचे तीन पातळ्यांवर उत्तर दिले. एकेक मासा निरोगी असला पाहिजे. त्या माशांचा वंश टिकला पाहिजे, म्हणजे पिले, तरुण, वृद्ध असे सर्व वयांचे मासे तेथे असले पाहिजेत आणि त्यांना राहायला पुरेशी जागा पाहिजे. आणि तिसरे, त्या ओढ्यातील निरनिराळ्या जातींचा सगळा संसार, मूळच्या रहिवाशांसह, नांदता असला पाहिजे. पवित्र शास्त्राच्या भाषांतरात एका शब्दाला तीन थर सापडले म्हणजे जो आनंद होतो तो मला हे वाचताना झाला. स्विस कायदा पहिल्या पातळीवर बोलत होता आणि प्यूटा क्रीकचा मासेमारीचा नियम दुसऱ्या. म्हणून ते परस्परविरुद्ध दिसत होते. एकेका माशाचे सुख आणि वंशाचे सुख ह्यांतले कोणते मोठे, असा झगडा आपण लावतो. मॉइल ह्यांनी झगडा लावला नाही, तिन्ही गोष्टी मागितल्या.

न्यायालयाने ओढ्यात सोडावयाचे किमान पाणी निम्म्याने वाढवण्याचा आदेश दिला. पुढे अपिले झाली, वाटाघाटी झाल्या, आणि २००० साली दोन्ही पक्षांनी करारावर सह्या केल्या. शेतकऱ्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांचेही म्हणणे पोकळ नव्हते. त्यांच्या बागा ह्या पाण्यावर उभ्या होत्या, आणि दुष्काळात झाड मेले तर ते एका हंगामात परत येत नाही. बदाम हे कॅलिफोर्नियाचे मोठे पीक, आणि त्याचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक आज भारत आहे. नाताळच्या केकमध्ये आपण घालतो तो बदाम ह्याच ओढ्याच्या पाण्यावरचा असेल असे मुळीच नाही. पण असल्या कोणत्यातरी ओढ्याच्या पाण्यावरचा तो असतो. गळवाल्याच्या हातात मासा तडफडतो तेव्हा त्याला ते दिसते, जाणवते, आणि त्याचे मन खाते किंवा खात नाही. चावी फिरवणाऱ्याला, नळ सोडणाऱ्याला, बदाम खाणाऱ्याला काहीच जाणवत नाही. म्हणून मी गळवाल्याला दयाळू म्हणत नसलो, तरी त्याच्याकडे बोट दाखवताना माझा हात आखडतो. तो निदान पाण्यात उभा असतो.

पण पाण्यात उभे राहण्यालाही जोखीम आहे. २००३ मध्ये प्यूटा क्रीकमध्ये न्यूझीलंडची एक चिमुकली गोगलगाय आढळली. ती एकटी मादी पिल्लांना जन्म देते, आणि ओल्या बुटांना चिकटून एका ओढ्यातून दुसऱ्यात जाते. म्हणून आता गळवाल्यांना बूट घासून स्वच्छ करण्यास, ते पुरते वाळवण्यास किंवा गोठवण्यास सांगतात. हिवाळ्यात मादी ट्राउट शेपटीने खडीत खळगा करून अंडी घालते. तेथे पाय पडला तर अंडी चिरडतात, म्हणून ते खळगे ओळखून वळसा घालावा लागतो.

बूट आणि पाय ह्यांचा विषय निघालाच आहे तर यहेज्केल ह्या संदेष्ट्याचा चौतिसावा अध्याय उघडून पाहावा. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला सृष्टीवर जी सत्ता दिली तिच्यासाठी 'रादा' हे क्रियापद आहे, आणि सत्तेखालच्या प्राण्यांच्या यादीत पहिले नाव समुद्रातील माशांचे आहे. ह्या क्रियापदाच्या जोरावर पुष्कळांनी पुष्कळ काही केले आहे. पण यहेज्केल तेच क्रियापद कळपावर कठोरपणे सत्ता चालवणाऱ्या मेंढपाळांना लावतो, आणि ते दोषारोप म्हणून लावतो. पुढे त्याच अध्यायात तो पुष्ट मेंढरांना विचारतो की, स्वच्छ पाणी पिऊन झाल्यावर उरलेले तुम्ही पायांनी का गढूळ करता? पाणी पिण्याला त्याची हरकत नाही. सोलानोच्या शेतकऱ्यानेही प्यावे. खालच्या बाजूला जो उभा आहे त्याला काय मिळते, हे तो पाहतो. दुसऱ्या अध्यायात आदामाने गुरांना, पाखरांना आणि वनपशूंना नावे दिली; तेथे माशांचा उल्लेख नाही. त्यांना आपल्या सत्तेखाली ठेवले आहे, पण आपली त्यांची ओळख करून दिलेली नाही. मासा ओरडत नाही, आणि पाण्याखाली काय चालले आहे हे मुद्दाम वाकून पाहिल्यावाचून दिसत नाही.

धरणामुळे आणखी एक गोष्ट झाली. पुराबरोबर डोंगरातून येणारी खडी आता जलाशयातच अडते, आणि खाली मासे अंडी घालतात ती जागा घट्ट, निकामी होत जाते. म्हणून ठिकठिकाणी ओढ्याचा तळ यंत्राने उकरून खडी मोकळी करावी लागते. पूर्वी जे काम पूर करीत असे ते आता माणसे करतात.

२००० सालच्या त्या करारात एक कलम असे आहे की, शरद ऋतू सरता सरता, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, ओढ्याच्या अगदी खालच्या टोकाच्या बंधाऱ्याच्या फळ्या काढाव्यात आणि त्यानंतर पाच दिवस ओढ्यात जास्तीचे पाणी सोडावे. तेवढ्या दिवसांचे पाणी शेताला मिळत नाही. ते समुद्राकडून येणाऱ्या सॅमनला वाट कळावी म्हणून असते. कराराआधी तेथे सॅमन दिसेनासे झाले होते. काही वर्षांनी थोडे आले, मग एका वर्षी शेकडो आले. २०२१ च्या अवर्षणात आलेल्यांपैकी पुष्कळ अंडी घालण्यापूर्वीच मेले. फळ्या काढणाऱ्या माणसांना पाणी सोडतेवेळी हे ठाऊक नसते की ह्या वर्षी कोणी येणार आहे की नाही.